नव्या शिक्षकांनी शिक्षक संघटनेत जावं का?

जावं, आणि नेमणूकपत्र मिळाल्यावर लगेच. पगार अडकल्यावर नव्हे. अनुदानित शाळेत पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे ठराविक मानधनावर, जातात. गाडी अडते ती वैयक्तिक मान्यता (नेमणुकीला शिक्षण खात्याची मंजुरी) आणि शालार्थ आयडी (सरकारच्या ऑनलाइन पगार प्रणालीतला क्रमांक) यांपाशी. प्रस्तावात एक कागद कमी असला की फाईल परत. कोणता कागद, हे संघटनेच्या जुन्या कार्यकर्त्याला तोंडपाठ असतं.

आधी जिल्हा बघा. नवी मुंबईकडचंच घ्या: ऐरोली ते बेलापूर ठाण्यात, खारघर-पनवेल रायगडात. खारघरची फाईल अलिबागला जाणार असेल, तर फक्त ठाण्यात वट असलेली शाखा काय कामाची? वर्गणीची पावती घ्या, संघटनेचा नोंदणी क्रमांक विचारा. विधान परिषदेच्या कोकण शिक्षक मतदारसंघाची निवडणूक जवळ आली की स्टाफरूममध्ये सदस्यत्वाचे फॉर्म फिरू लागतात. तेव्हा सहीची घाई नको.

खाजगी विनाअनुदानित शाळेत गरज जास्तच. सेवेतून काढलं, तर खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींसाठीच्या १९७७ च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करावं लागतं, तेही शिक्षकाने स्वतःच्या नावाने. 'बघतो, बोलतो' म्हणणाऱ्या पदाधिकाऱ्याच्या भरवशावर ही मुदत घालवू नका. आणि कोऱ्या कागदावर सही मागितली तर साफ नकार द्या, पुढे त्यावर राजीनामा लिहिला जाऊ शकतो: त्याच कायद्याच्या कलम ७ प्रमाणे राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत स्वतःकडे.