थायरॉइड अपटेक: आधी मिठाची चौकशी, मग कॅप्सूल

किरणोत्सारी आयोडीनची कॅप्सूल गिळल्यावर 24 तासांत त्यातलं किती टक्के थायरॉइडने उचललं, एवढंच ही तपासणी सांगते. आयोडीनला भुकेलेली ग्रंथी जास्त उचलते, भरपूर आयोडीन मिळालेली कमी. 1951 साली अमेरिकी थायरॉइडतज्ज्ञ जॉन स्टॅनबरी यांच्या पथकाने अर्जेंटिनातल्या मेंडोझा भागात गलगंडाच्या रुग्णांवर हेच मोजून दाखवलं. म्हणून रुग्णाने गेल्या महिना-दोन महिन्यांत किती आयोडीन पोटात घातलं, हे कळल्याशिवाय आलेल्या टक्केवारीला अर्थ नाही.

त्यामुळे सुरुवात चौकशीने करा. "काकू, घरात मीठ पाकिटातलं की खडा मीठ?" आयोडीनयुक्त मिठात दुकानात पोहोचेपर्यंत किमान 15 पीपीएम (ग्रॅममागे 15 मायक्रोग्रॅम) आयोडीन असायला हवं. तसं 10 ग्रॅम मीठ पोटात गेलं की मोठ्या माणसाची दिवसाची 150 मायक्रोग्रॅमची गरज भागते. मग औषधं विचारा. कॉन्ट्रास्ट (आयोडीन असलेलं रंगद्रव्य) देऊन सीटी स्कॅन झाला असेल तर साधारण दोन महिने थांबावं लागतं, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं, आयोडीन असलेलं अमियोडॅरोन चालू असेल तर अपटेक कित्येक महिने दबलेला राहतो. जखमेवरचं पोव्हिडोन-आयोडीनही आठवणीने विचारा, ते कोणी आपणहून सांगत नाही. थायरॉक्सिन (थायरॉइडचं हार्मोन) किंवा कार्बिमाझोल (ते हार्मोन कमी करणारं औषध) बंद करायचं ते डॉक्टरांनी सांगितल्यावरच. गर्भवतींना ही कॅप्सूल द्यायची नाही, अंगावर पाजणाऱ्या आईलाही नाही.

रुग्णाने चार तास उपाशी यावं. इंदुरात सकाळ पोहे-जिलबीशिवाय सरत नाही, तेव्हा हे आदल्या दिवशीच बजावून सांगा. धार-खरगोनहून येणाऱ्यांना मुक्कामाची तयारी करून यायला सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशीचं मोजमाप हुकतं.

प्रोब, म्हणजे किरणं मोजणारं यंत्र, सिझियम-137 या किरणोत्सारी स्रोताने रोज तपासा आणि त्याची खिडकी, म्हणजे मोजायच्या ऊर्जेचा पट्टा, कॅप्सूलमधल्या आयोडीन-131 च्या 364 केईव्ही (किरणांच्या ऊर्जेचं एकक) शिखरावर ठेवा. कॅप्सूल साधारण 10 मायक्रोक्यूरीची, म्हणजे 0.37 मेगाबेक्वेरेलची पुरते. देण्याआधी ती अ‍ॅक्रिलिकच्या गळ्याच्या प्रतिकृतीत ठेवून मोजा. रुग्णाचा गळा आणि मांडीही आधीच मोजून घ्या, कारण आठवड्यापूर्वी दुसरीकडे आयोडीन दिलं गेलं असेल तर ते इथेच उघड होतं. कॅप्सूल भरपूर पाण्याबरोबर द्या. कोरडी गिळली तर अन्ननलिकेत अडकू शकते. तासा-दोन तासांनी जेवायला हरकत नाही.

चार तासांनी एकदा आणि 24 तासांनी पुन्हा मोजायचं. प्रोबचं तोंड गळ्यापासून 25 सेंटिमीटरवर ठेवायचं, आणि प्रतिकृतीपासूनही तेवढंच. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. 25 चे 26 सेंटिमीटर झाले की काउंट (प्रोबने मोजलेल्या किरणांची संख्या) साडेसात टक्क्यांनी घसरतात, कारण अंतराच्या वर्गाने ते घटतात. पट्टीने मोजा, डोळ्याने नको. मान मागे टेकलेली हवी. रक्तातल्या आयोडीनसाठी त्याच अंतरावरून मांडीचे काउंट घेऊन वजा करा.

हिशेब असा. समजा प्रतिकृतीतल्या कॅप्सूलचे मिनिटाला 24,600 काउंट आले आणि खोलीचा बॅकग्राउंड (कॅप्सूल नसतानाही येणारे काउंट) 600 होता, तर उरले 24,000. 24 तासांनी गळ्याचे 7,100 आणि मांडीचे 1,200, म्हणजे निव्वळ 5,900. आयोडीन-131 चा अर्धायुकाल आठ दिवसांचा असल्यामुळे कॅप्सूलचा आकडा 0.917 ने गुणावा लागतो, तो होतो 22,008. 5,900 भागिले 22,008, म्हणजे 26.8 टक्के. क्षयाची दुरुस्ती विसरलात तर 24.6 येईल. दुसरी तशीच कॅप्सूल जपून ठेवून ती त्याच दिवशी मोजली तर ही दुरुस्ती लागतच नाही, आणि शक्य असेल तिथे हीच पद्धत बरी.

24 तासांना साधारण 10 ते 30 टक्के ठीक धरतात, पण मीठ बदललं की ही पट्टी सरकते, म्हणून आपल्या भागातल्या निरोगी माणसांची पट्टी लावावी. आकडा वाढलेला दिसला की लगेच ग्रेव्हज (थायरॉइड अति काम करण्याचा आजार) म्हणू नका. ग्रेव्हजमध्ये टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं हार्मोन, दबलेला असतो. आयोडीनच्या कमतरतेत तो बहुधा नॉर्मल किंवा वाढलेला सापडतो. चार तासांचा आकडा 24 तासांपेक्षा जास्त असेल तर ग्रंथी आयोडीन उचलून झपाट्याने हार्मोनच्या रूपात बाहेर टाकते आहे, असं बहुतेक वेळा निघतं. गावात खरोखर कमतरता आहे का, हे मात्र बऱ्याच जणांच्या लघवीतल्या आयोडीनवरून ठरवतात. त्याचा मध्यक लिटरमागे 100 मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर त्या गावातल्या मिठाची चौकशी करायला हवी.