सोडलेला लाँग स्नॅपर संघात घेताय? या चुका टाळा

अमेरिकन फुटबॉलमध्ये लाँग स्नॅपरचं नाव प्रेक्षकांच्या तोंडी आलं, की समजावं काहीतरी बिनसलंय. वाकून, दोन पायांमधून चेंडू मागे फेकायचा, म्हणजे स्नॅप करायचा, एवढंच त्याचं काम. पंटच्या, म्हणजे चेंडू लाथेने लांब प्रतिस्पर्ध्याकडे धाडायच्या वेळी, ती किक मारणारा पंटर साधारण १५ यार्ड मागे उभा असतो आणि चेंडू पाऊण सेकंदात त्याच्या हातात पडावा लागतो. फील्ड गोलला, म्हणजे गुणांसाठी खांबांमधून मारायच्या किकला, अंतर निम्मं, सात-आठ यार्ड, पण तिथे नजाकत जास्त. स्नॅप, होल्डरने (तो झेलून किकरसाठी धरणाऱ्याने) चेंडू टेकवणं आणि किक, हे सगळं मिळून सव्वा ते दीड सेकंदात उरकायचं असतं. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या ५३ जणांच्या संघात हे काम करणारा माणूस बहुधा एकच.

असा माणूस एखाद्या संघाने मोकळा केला की दुसऱ्या संघाच्या चाहत्यांचा प्रश्न ठरलेला: त्यांनी टाकलेला आपण का उचलायचा? पहिली चूक या प्रश्नातच आहे.

‘सोडला’ म्हणजे ‘बिघडला’ असं धरणं

डॅलस काउबॉइजची २००५ची गोष्ट घ्या. जॉन काँडो हा नवखा स्नॅपर हंगामाच्या सुरुवातीलाच चुकला आणि तीन सामन्यांत त्याची गच्छंती झाली. त्याच्या जागी आलेला कॅनडाचा एल. पी. लादुसूर २०२०पर्यंत टिकला आणि २५३ सामने खेळला. इथवर पाहिलं तर काँडोला काढणंच योग्य होतं असं वाटेल. पण तो पुढे रेडर्सकडे गेला आणि दोनदा, २००९ आणि २०११च्या हंगामांसाठी, प्रो बोलमध्ये, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवडला गेला. म्हणजे एका संघाचा निर्णय बरोबर होता म्हणून दुसऱ्याचा चुकीचा ठरत नाही.

लादुसूरचं जाणंही खराब स्नॅपमुळे नव्हतं. डॅलसच्या स्पेशल टीम्सचे (किक आणि पंटच्या वेळी उतरणाऱ्या तुकड्यांचे) प्रशिक्षक जॉन फॅसल आधी रॅम्स या संघाकडे होते. २०२१मध्ये त्यांनी तिथला ओळखीचा स्नॅपर जेक मॅक्वेड आणला आणि लादुसूरचा करार वाढवला गेला नाही. पेट्रियट्सचा स्नॅपर जो कार्डोना दोन सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) जिंकलेला, दहा हंगाम खेळलेला. २०२५मध्ये संघाने ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) सातव्या फेरीत एक नवा स्नॅपर घेतला आणि कार्डोनाला मोकळं केलं. मायामीने त्याला लगेच उचललं, आणि माझ्या मते शहाणपणा केला. नवा प्रशिक्षक, स्वस्तातला तरुण, ड्राफ्टमध्ये खर्ची घातलेली निवड ही कारणं हिशेबाची आहेत, हातांची नाहीत. म्हणून आधी विचारा: याला कशामुळे सोडला?

दुखणं कुठे आहे ते न बघता स्नॅपर बदलणं

किक हुकली की बोट आधी किकरकडे जातं, मग स्नॅपरकडे. मध्ये बसलेला होल्डर बहुतेक वेळा सुटतो. ६ जानेवारी २००७ला सिएटलमध्ये डॅलसची १९ यार्डांची किक होती, म्हणजे अगदी घरासमोरची. लादुसूरचा स्नॅप व्यवस्थित होता. होल्डर होता क्वार्टरबॅक टोनी रोमो. टेकवताना चेंडू त्याच्या हातून निसटला आणि सामना २१-२० असा गेला. त्या रात्री स्नॅपर बदलून काय मिळालं असतं?

म्हणून चित्रफीत बघताना चेंडूवरून नजर काढा आणि होल्डरचे हात बघा. ते जागचे न हलता चेंडू येतोय का? हात सारखे खाली किंवा बाजूला जात असतील तर दोष स्नॅपमध्ये आहे. हात हलत नाहीत, पण होल्डर दरवेळी चेंडू फिरवत बसतोय, तर लेस (चेंडूवरची शिवणीची दोरी) चुकीच्या बाजूला येतेय. चेंडू किती वेढे घेऊन पोचतो, ते स्नॅपर आणि होल्डर सरावात अंतर मागेपुढे करून जुळवतात. हे दोन-तीन आठवड्यांत सुधारतं, त्यासाठी माणूस हाकलायची गरज नाही. पंटचा स्नॅप पंटरच्या डोक्यावरून जात असेल तर चेंडू हातातून उशिरा सुटतोय, जमिनीलगत येत असेल तर लवकर. हाही सवयीचा दोष आहे. मात्र चेंडूचा वेगच उतरला असेल तर गोष्ट वेगळी. छत्तिशीच्या माणसात तो वेग परत येईल अशी आशा मी तरी धरणार नाही.

तहान लागल्यावर विहीर खणणं

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. २००२च्या हंगामात न्यूयॉर्क जायंट्सच्या स्नॅपरला दुखापत झाली आणि बदली माणूस काही स्थिरावेना. प्लेऑफ (हंगामाअखेरची बाद फेरी) तोंडावर आल्यावर त्यांनी ट्रे जंकिनला बोलावलं. वय ४१, एनएफएलचे १९ हंगाम पाठीशी, पण तेव्हा निवृत्त होऊन घरी बसलेला. किकर आणि होल्डर यांच्याबरोबर सराव जेमतेम काही दिवसांचा. ५ जानेवारी २००३ला सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध जायंट्स ३८-१४ असे पुढे होते, ते ३९-३८ असे मागे पडले. आधीच्या एका किकला त्याचा स्नॅप बिघडला होता. शेवटच्या काही सेकंदांत ४० यार्डांच्या आसपासची किक होती, तिथेही चेंडू खाली आला. होल्डरने धडपडून पास फेकला, तो वाया गेला आणि हंगाम संपला. त्या खेळीत जायंट्सच्या खेळाडूला अडवल्याचा फाऊल पंचांच्या नजरेतून सुटला, हे लीगने नंतर मान्य केलं. पण जंकिनने चूक स्वतःवर घेतली.

मला राग जंकिनचा येत नाही. १९ हंगाम टिकलेल्या माणसाला स्नॅप येत नव्हता, असं कोण म्हणेल? त्याला हाक ऑक्टोबरमध्ये मारायला हवी होती.

उलट टोकाची चूक म्हणजे बाहेरचा माणूस नकोच, आपल्यातलाच कुणी वाकेल, ही. २००८मध्ये स्टीलर्सच्या ग्रेग वॉरेनचा गुडघा गेला आणि लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीतला, जेम्स हॅरिसन स्नॅपला उभा राहिला. चेंडू पंटरच्या डोक्यावरून एंड झोनबाहेर (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याबाहेर) गेला, दोन गुण गेले आणि पुढे सामनाही गेला. २०२२च्या पहिल्याच सामन्यात बेंगल्सचा स्नॅपर क्लार्क हॅरिसला दुखापत झाल्यावर टाइट एंडने, म्हणजे आक्रमणातल्या एका खेळाडूने, स्नॅप केले. जिंकून देणारी एका गुणाची किक अडवली गेली, जादा वेळेतली २९ यार्डांची हुकली. कॅल ॲडोमिटिस हा खरा स्नॅपर बेंगल्सच्या प्रॅक्टिस स्क्वॉडवर (सरावापुरत्या राखीव गटात) होता, पण त्या दिवशीच्या यादीत नव्हता.

कागदाचं

ज्याचे चारांहून कमी हंगाम मोजले गेलेत असा खेळाडू सोडला की तो आधी वेव्हरवर जातो, म्हणजे इतर संघांना त्याच्यावर दावा करता येतो, आणि त्याच्यावर दावा करणाऱ्याला जुना करारही उचलावा लागतो. अनुभवी खेळाडू ट्रेडची, म्हणजे संघांमधल्या अदलाबदलीची, मुदत संपेपर्यंत थेट मोकळा होतो. असा अनुभवी माणूस पहिल्या आठवड्याच्या यादीत असला, की त्याचं हंगामभराचं मानधन जवळजवळ पक्कं होतं, म्हणून काही संघ दुसऱ्या आठवड्याची वाट बघतात. स्नॅपरच्या बाबतीत ही काटकसर मला पटत नाही. पैसे थोडेच वाचतात आणि बेंगल्सचा सामना पहिल्याच आठवड्यातला होता.

चाचणीही कोरड्या मैदानावर, एकट्याची घेऊ नका. चेंडू ओला करा, समोर धावून येणारी माणसं उभी करा आणि आपलाच होल्डर बसवा.

घेतल्यावर निश्चिंत होणं

१० सप्टेंबर २०१२, रेडर्सचा हंगामातला पहिला सामना, समोर चार्जर्स. रेडर्सच्या स्नॅपरच्या डोक्याला मार बसला आणि एका लाइनबॅकरला वाकावं लागलं. दोन स्नॅप घरंगळत आले, पंटर शेन लेक्लरला किक मारताच आली नाही. पुढचा पंट अडवला गेला आणि रेडर्स २२-१४ असे हरले. मार बसलेला तो स्नॅपर जॉन काँडो होता, डॅलसने तीन सामन्यांत घरी पाठवलेला.