वॉर्डात नवीन लागलेल्या स्टाफसाठी: श्रद्धा, माया आणि ड्युटी

नर्सिंगचं जीएनएम (डिप्लोमा) नाहीतर बीएससी करून नुकत्याच ड्युटीवर लागलेल्या पोरींसाठी लिहितेय, ब्रदर लोकांनीही, म्हणजे पुरुष नर्सनीही वाचा. प्रोसिजर तुम्हाला येतात, त्या सांगत बसत नाही. मी माळकरी घरातली, देवावरची श्रद्धा हाताच्या कामात उतरावी म्हणूनच या लाइनला आले, आणि अजूनही ते जमवताना दमछाक होते.

एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. नातेवाईक विचारतात, "सिस्टर, बरा होईल ना हो माझा मुलगा?" तेव्हा "होईल हो, देव आहे ना" असं बोलू नका. मी यातच अडकले होते, आणि श्रद्धाळू पोरी हमखास अडकतात, कारण आपल्याला ते खोटं वाटतच नाही, आपण मनापासून बोलत असतो. पण समोरच्याला काय ऐकू येतं ते बघा. तुमच्या अंगावर युनिफॉर्म आहे, हातात केस पेपर आहे, म्हणजे सिस्टरनी फाइल बघूनच सांगितलं असं तो माणूस धरून चालतो. मग गावाला फोन जातो की सिस्टर बोलल्या बरा होणार, कोणी शेत गहाण टाकतं, लांबच्या बहिणीला बोलवायचं राहून जातं, आणि राउंडला डॉक्टर खरं सांगतात तेव्हा तेच खोटे ठरतात. पेशंट गेला की तुमच्यावरचा भरवसा तुटतो तो तुटतोच, पण त्या आईचा तिच्या देवावरचाही तुटतो, आणि हे जास्त वाईट, कारण घरी जाऊन तिला त्याच देवापुढे दिवा लावायचा असतो.

मग बोलायचं काय? जे समोर दिसतंय ते. "आत्ता बीपी स्थिर आहे, ऑक्सिजन चालू आहे, मी सकाळपर्यंत इथेच आहे, डॉक्टर आले की तुमच्या शेजारी उभी राहते, तुम्ही विचारा." आणि "तुम्ही काही खाल्लंत का?" हेही विचारा. एखाद्या आजी स्वतः म्हणाल्या की विठ्ठल बघतोय, तर "हो आजी" म्हणा, हात धरा, तिथे वाद नको. फक्त पुढचं भाकीत आपण करायचं नाही. सुरुवातीला हे बोलणं कोरडं वाटेल, घाबरू नका, लोकांना त्यातली माया कळते.

दुसरं, वॉर्डात श्रद्धा पेशंटची आधी, आपली नंतर. इन्सुलिन देण्याआधी नुसतं "जेवण येईल ना" विचारू नका, "आज उपास आहे का, रोजा आहे का" असं स्पष्ट विचारा. एकादशीला, श्रावणी सोमवारी, रमजानमध्ये बरेच पेशंट सिस्टर ओरडतील म्हणून सांगतच नाहीत, डोस तसाच गेला तर शुगर उतरते, घाम फुटतो, थरथर होते, कधी शुद्ध जाते. उपास कळला की आधी डॉक्टरांना सांगा, डोस ते ठरवतील. कॅनुला (सलाइनसाठी शिरेत घालायची बारीक नळी) लावताना किंवा ओटीला, म्हणजे ऑपरेशनला नेताना मनगटाचा दोरा, ताईत न विचारता कापू नका. विचारून काढा आणि कागदात बांधून नातेवाइकांच्या हातात द्या, कचऱ्याच्या डब्यात नाही. अंगारा कपाळाला चालेल, जखमेला अजिबात नाही, इथे कडक राहायचं.

शिकायचं कोणाकडून, तर माझं मत, पॉझिटिव्ह थिंकिंगच्या वीकेंड कोर्सला पैसे घालू नका. करुणा दोन दिवसांत शिकवतो म्हणणाऱ्याने बेडसोरचं, म्हणजे झोपून राहून पडलेल्या जखमांचं ड्रेसिंग किती केलंय ते आधी विचारा. वॉर्डातल्या जुन्या मावशींबरोबर राहा. दर 2 तासांनी पेशंटची कूस बदलताना त्या त्याला नावाने हाक मारतात, तो बेशुद्ध असला तरी "दादा, आता डाव्या अंगावर करतेय हं" म्हणतात. मला हे कुठल्या लेक्चरमध्ये मिळालं नाही. गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, आपल्या कामातही क्रम तोच ठेवा असं मला मनापासून वाटतं, आधी ओली चादर बदला, पेशंटचं तोंड स्वच्छ करा, प्रार्थना त्यानंतर, मनातल्या मनात.

आणि त्यागाची भाषणं जपून ऐका. दर 12 मेला नर्सेस डेच्या कार्यक्रमात कोणीतरी सांगतंच की सेवेत स्वतःला विसरा. सावित्रीबाई फुले 1897 च्या प्लेगमध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करता करता स्वतः आजारी पडून गेल्या, मी त्यांना मनोमन नमस्कार करते, पण त्यावरून "ग्लोव्हज नाहीत तरी चालवून घे" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, आज साधनं आहेत, ती मागून घ्या. जेवायची वेळ पाळा, सलग डबल ड्युटीला नाही म्हणा, चौदाव्या तासाला चुकीचं इंजेक्शन भरलं गेलं तर ती सेवा कसली? सेवा आहे म्हणून पगार कमी, हे तर मुळीच मान्य करू नका, जॉइन होण्याआधी ओव्हरटाइम आणि सुट्ट्यांचं लेखी घ्या.

पहिला पेशंट जाईल तेव्हा रडू येईल, येऊ दे. चेंजिंग रूममध्ये पाच मिनिटं जा, सोबतच्या स्टाफला सांगून जा म्हणजे तुमच्या बेडकडे कोणीतरी बघेल. परत आलात की नातेवाइकांना विचारा, काही विधी करायचेत का, तोंडात तुळशीपत्र ठेवायचंय का, चेहरा किब्ल्याकडे (मक्केच्या दिशेला) करायचाय का, आणि तेवढा वेळ पडदा ओढून द्या, मग बॉडी पॅक करायला घ्या.