आजोबांना कोणी नेलं असावं असं वाटलं, तर पहिल्या दिवशी काय करायचं

ठाण्यात पोलीस खात्यात 31 वर्षं काढली, शेवटची काही मिसिंगच्या, म्हणजे बेपत्ता माणसांच्या तक्रारींच्या टेबलावर. म्हणून कळकळीने सांगते, 24 तास वाट बघू नका. असा नियमच नाही. 112 लावा, जवळचं पोलीस ठाणं गाठा. हद्दीचं कारण चालत नाही; नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात घ्यावीच लागते. संशय असेल तर नुसती मिसिंग देऊन परतू नका. कोणावर आणि कशावरून, ते जबाबात लिहून घ्यायला लावा. कळवा हॉस्पिटल, सिव्हिल, लोहमार्ग पोलीस इथे घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी पाठवा.

आणि घर आवरू नका. आधी नीट बघा.

नौपाड्यातले एक आजोबा सकाळपासून गायब होते. विसरभोळे झालेत, तलावपाळीला गेले असतील, असं घरचे म्हणत होते. मी गेले तर बेसिनवरच्या वाटीत कवळी पाण्यात बुडवलेली. "कवळीशिवाय ते दूधवाल्यालाही दार उघडत नाहीत," सूनबाई बोलून गेल्या. काठी, चष्मा, बीपीच्या गोळ्या, सगळं जागेवर. नव्हतं ते आधार कार्ड आणि चेकबुक. फिरायला जाणारा माणूस चेकबुक घेऊन जात नाही.

मोबाइलचं खोकं शोधा, त्यावरचा आयएमईआय नंबर, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक, तपासाला लागतो. फोन लागत असेल तर सगळ्यांनी मिळून सारखा लावू नका, बॅटरी उतरली की लोकेशन मिळणं अवघड होतं. सोसायटीच्या सेक्रेटरीला सीसीटीव्हीचं फुटेज लगेच जपून ठेवायला सांगा. जुन्यावर नवं चढतं. समोरच्या दुकानदारालाही विचारा. बँकेला कळवा, पण खातं कधी गोठवायचं ते तपास अधिकाऱ्याशी बोलून ठरवा, कारण कुठल्या एटीएममधून पैसे निघाले हाही माग असतो. फ्लॅटचा दस्त झालाय का, ते इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताच्या उताऱ्यात, शोधा.

व्हॉट्सॲपवर फोटो टाकताना अंगावरची एक खूण मुद्दाम लिहू नका. "आजोबा आमच्याकडे आहेत, पैसे पाठवा" असे खोटे फोन हमखास येतात. तेव्हा तीच खूण विचारायची, आणि नंबर लगेच पोलिसांना द्यायचा.

सगळ्यात अवघड गोष्ट घरातली भांडणं सांगणं. नौपाड्याच्या त्या घराने आजोबांच्या भाच्याचं नाव 3 दिवस लपवलं. पुनर्विकासात मिळणाऱ्या फ्लॅटवरून त्याच्याशी वाजलं होतं, आणि घरची लाज चव्हाट्यावर नको म्हणून सगळे गप्प. शेवटी नातू जिन्यात मला गाठून म्हणाला, "मावशी, दादा आदल्या रात्री आला होता." त्याच संध्याकाळी आजोबा बदलापूरच्या एका खोलीत सापडले. सह्या झाल्या नव्हत्या. तीन दिवस त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. सूनबाईंनी डबीतून आणलेली कवळी बसवली, पाणी प्यायले, आणि मग म्हणाले, "लिहून घ्या."