क्रूझ बुक करायच्या आधी बंदराचं वेळापत्रक बघा

क्रूझ ठरवताना सगळे केबिन बघतात, बाल्कनी आहे का बघतात, पण जहाज ज्या गावात थांबणार तिथं त्या दिवशी किती माणसं उतरणारेत हे कोणी बघतच नाही. माझ्या मते ते सगळ्यात आधी बघायला हवं.

बऱ्याच मोठ्या बंदरांचं वेळापत्रक ऑनलाइन असतं, तुमच्या तारखेला कुठली जहाजं लागणारेत ते बघा आणि त्यांच्या प्रवाशांची बेरीज करा. 'आयकॉन ऑफ द सीज' एकटंच साडेसात हजारांच्या आसपास माणसं नेतं, अशी दोन-तीन मोठी जहाजं एकाच सकाळी जुन्या तटबंदीच्या गावाला लागली की तिथल्या माणसाला स्वतःच्या गल्लीतून चालता येत नाही. म्हणूनच क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकने एका वेळी दोनच जहाजं असं ठरवलं, ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर 2025 पासून दिवसाला 8000 क्रूझ प्रवाशांची मर्यादा आहे आणि व्हेनिसमध्ये ऑगस्ट 2021 पासून 25,000 ग्रॉस टनांवरची (हे जहाजाच्या आतल्या जागेचं माप, वजनाचं नाही) जहाजं सान मार्को या मुख्य चौकासमोरून जाऊ शकत नाहीत. बेरीज फार आली तर सरळ तारीख बदला, नाहीतर लहान जहाज घ्या.

आता पैशाचं. जेवण तिकिटातच, झोपायला जहाजावर, त्यामुळं लोक चार-पाच तास फिरतात, एखादं मॅग्नेट घेतात आणि परत चढतात, गर्दी आणि कचरा मात्र गावाच्या माथी. तर दुपारचं जेवण गावातच करा, प्लीज. सहल जहाजाकडून घेतली की त्यातला वाटा कंपनीला जातो, स्थानिक गाइड थेट घेतलेला बरा, फक्त परतायला दीड-दोन तास हाताशी ठेवा कारण स्वतःहून गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. आणि क्रूझ जिथून सुटते तिथं दोन रात्री आधी जाऊन राहिलात तर सगळ्यात उत्तम, हॉटेलपासून रिक्षा-टॅक्सीपर्यंत पैसा गावात पोचतो.

धुराचं पण विचारा. जहाज धक्क्याला उभं असलं तरी विजेसाठी इंजिनं चालूच असतात, किनाऱ्यावरची वीज जोडली तरच ती बंद करता येतात. अलास्कातल्या जूनोमध्ये हे 2001 पासून होतंय. पण सोय जहाजावरही लागते आणि धक्क्यावरही, म्हणून 'तुमच्या जहाजांना वीज घेता येते का' असं मोघम विचारू नका, 'या जहाजाला या बंदरात मिळणार का' असं नाव घेऊन ईमेल करा, बुकिंगच्या आधी.