सोलमध्ये पायी फिरताना एक्झिटचा नंबर लिहून ठेवा

दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, नुसतं मेट्रो स्टेशनचं नाव माहीत असून भागत नाही. मोठ्या स्टेशनांना आठ-दहा एक्झिट असतात, आणि चुकीच्या तोंडातून वर आलात की समोर आठ पदरी रस्ता! पलीकडे जायला सिग्नल गाठा, नाहीतर पुन्हा जिने उतरा.

उपाय सोपा आहे.

१. नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप ही कोरियन नकाशा-ॲप फोनवर घ्या. तिथे पायी चालायला गुगल मॅप्सपेक्षा हेच भरवशाचे. नेव्हर इंग्रजीतही चालतं.
२. निघण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणाजवळचा एक्झिट नंबर टिपून ठेवा. ग्योंगबोकगुंग राजवाड्याला त्याच नावाच्या स्टेशनचा ५, कलावस्तूंच्या दुकानांच्या इन्साडोंग भागाला आनगुक स्टेशनचा ६, म्योंगडोंगच्या बाजारालाही म्योंगडोंगचा ६. गाडीतून उतरल्यावर गर्दीमागे न जाता पिवळ्या पाटीवरचा आकडा शोधा.
३. कुणाला भेटायचं असेल तर 'आनगुक, एक्झिट ६' एवढंच कळवा. तिथले लोकही असंच भेटतात.
४. रुंद रस्ता ओलांडायचा असेल तर स्टेशनात उतरून पलीकडच्या नंबराने वर या. पावसात आणि जानेवारीच्या थंडीत तर हेच बरं. बहुतेक स्टेशनांत स्वच्छ, फुकट स्वच्छतागृहही मिळतं, जे पायी फिरणाऱ्याला नकाशाइतकंच लागतं.

आनगुकहून बुकचोनची जुनी घरं बघायला जाणार असाल तर वेळ सांभाळा. तिथल्या मुख्य गल्ल्यांत संध्याकाळी ५ ते सकाळी १० पर्यटकांना बंदी आहे, मोडल्यास दंड होतो.