तेजोमेघाचा फोटो धूसर येतोय? फोकस आधी व्याधावर लावा

मृगातला तेजोमेघ, म्हणजे एम ४२, दुर्बिणीला जोडलेल्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर इतका मंद दिसतो की त्यावर फोकस लावणं जवळजवळ अशक्य. मग रात्रभराचे फोटो धूसर येतात आणि ते सकाळी कॉम्प्युटरवर बघताना कळतं. फार जिवाला लागतं ते.

१. दुर्बीण आधी शेजारच्या व्याधाकडे, त्या ठळक ताऱ्याकडे, वळवा.
२. दुर्बिणीच्या तोंडावर बाहतिनोव्ह मास्क (फोकस लावण्यासाठीची खाचा पाडलेली चकती) लावा. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचं थेट चित्र, १० पट मोठा करा.
३. ताऱ्यातून तीन रेघा निघतील. दोन एकमेकींना फुलीसारख्या छेदतात, तिसरी मधून जाते. फोकसरचा नॉब केसभर फिरवला तरी ती सरकते. ती फुलीच्या बरोब्बर मधोमध आली की थांबा.
४. फोकसरचा स्क्रू आवळा, रेघा पुन्हा बघा. आवळताना हमखास थोडं हलतं.
५. आता तेजोमेघाकडे वळा. माउंट (दुर्बिणीचा स्टँड) ताऱ्यांचा मागोवा घेत असेल तर आयएसओ १६०० वर ३० सेकंदांचे भरपूर फोटो घ्या, ५ सेकंदांचेही थोडे घ्या, नाहीतर गाभा पांढराफटक होतो.

थंडी वाढली की नळी आकसते, म्हणून तासाभराने फोकस पुन्हा तपासा.

आणि फोटो सुरू करण्याआधी मास्क आठवणीने काढा. राहिला तर प्रत्येक ठळक ताऱ्यावर त्याच रेघा उमटतात.